किचनचा एमसीबी सारखा पडतो म्हणून रिंग मारायची? आधी प्लग उघडून बघा

तक्रार साधारण अशी असते. ओट्यावर इंडक्शन चालू आहे, शेजारी किटली लावलेली आहे, तेवढ्यात कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी किचनचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडतो. वर केला की राहतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वायरमन येतो, १६ अँपियरचा एमसीबी काढून ३२ चा बसवतो आणि पडणं थांबतं. काही महिन्यांनी इंडक्शनच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी पडतं, प्लग ओढताना चिकटल्यासारखा येतो आणि ओट्याजवळ मासळीसारखा वास येऊ लागतो. तो वास मासळीचा नसतो, तापलेल्या प्लास्टिकचा असतो.

या टप्प्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रिंग करून टाका, लोड दोन्ही बाजूंनी विभागला जातो’. रिंग म्हणजे शेवटच्या पॉइंटवरून लाइन पुन्हा मेन बोर्डात आणून वर्तुळ पूर्ण करणं. हा सल्ला एकतर ब्रिटिश व्हिडिओंतून आलेला असतो, नाहीतर दुबई-मस्कतला काम करून आलेल्या वायरमनकडून. तिथलं त्यांचं ज्ञान खोटं नाही. पण रिंगचा एक महत्त्वाचा भाग तिथे भिंतीत नसतो, प्लगमध्ये असतो. तो भाग आपल्याकडे नाहीच.

एमसीबी कधी पडतो ते आधी बघा

प्लग लावताक्षणी ताडकन पडला तर शॉर्ट आहे. एमसीबी जागेवर राहून आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडला तर अर्थ लीकेज, म्हणजे अर्थिंगकडे करंट गळतोय, किंवा एका लाइनचं न्यूट्रल दुसरीकडे जोडलेलं. पंधरा-वीस मिनिटं घेऊन पडला तर लोड जास्त, नाहीतर एमसीबीच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला होऊन तो स्वतःच तापतोय. वरच्या तक्रारीत वेळ लागतो, म्हणून शॉर्ट शोधत बसू नका. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) त्या लाइनच्या फेजला लावा आणि आकडा वाचा.

क्लॅम्प मीटर नसेल तर बेरीज करा. २३० व्होल्टला २००० वॅटचं इंडक्शन ८.७ अँपियर घेतं, १५०० वॅटची किटली ६.५, आणि मायक्रोवेव्ह १३०० वॅट धरला तर ५.७. मायक्रोवेव्हच्या जाहिरातीत असते ती अन्नाला मिळणारी शक्ती. मागच्या पट्टीवर ‘इनपुट’ लिहिलेलं असतं, तो आकडा घ्या. बेरीज झाली २०.९ अँपियर.

घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे त्याच्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर गेला तरी तो पडता कामा नये, आणि १.४५ पट गेला तर तासाभरात पडलाच पाहिजे. १६ च्या एमसीबीसाठी या दोन रेषा १८.१ आणि २३.२ अँपियर. आपली बेरीज बरोबर दोन्हींच्या मधे पडते. तिथे डीबी (एमसीबी बसवलेली पेटी) किती तापलाय, शेजारचे एमसीबी किती भरलेले आहेत, मे महिना आहे की जानेवारी, यावर सगळं ठरतं. म्हणून तो परवा पडला आणि काल पडला नाही. एमसीबी ‘वीक झाला’ असं म्हणून बदलण्यात अर्थ नाही, तो त्याचं काम करतोय. याच लाइनवर ७५० वॅटचा मिक्सर जोडलात तर बेरीज २४ च्या वर जाईल, मग तो पडणारच.

आता ३२ चा बसवल्यावर काय होतं ते बघा. ३६ अँपियर तासभर गेले तरी तो हलणार नाही. तासाभरात नक्की पडावा म्हणून ४६ अँपियर लागतील. भिंतीतल्या पाइपमधली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची पीव्हीसी तार ३० अंशाला साधारण २४ अँपियर सोसते. ४० अंशाला त्याला ०.८७ ने गुणायचं, उरतात २१. त्याच पाइपमध्ये दुसऱ्या भरलेल्या लाइन असतील तर आणखी कमी. थोडक्यात, एमसीबी पडणं थांबलं कारण तारेची राखण थांबली.

सॉकेट जळणं हे वेगळं दुखणं आहे

हे दोन आजार एकत्र दिसतात म्हणून एकच समजले जातात. सॉकेट जळतो तो बहुतेक वेळा ढिल्या संपर्कामुळे. आतली पितळी पट्टी पसरलेली असते किंवा मागचा स्क्रू सैल असतो. तिथे ०.१ ओहमचा रोध तयार झाला आणि इंडक्शनचे ८.७ अँपियर त्यातून गेले की साडेसात वॅट उष्णता होते. वाचायला हे किरकोळ वाटतं, पण ती ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत साठते, रोज, अर्धा-अर्धा तास. करंट तेवढाच असल्यामुळे १६ चा काय आणि ३२ चा काय, एमसीबीला हे कळतच नाही. रिंग केल्यानेही यात काडीचा फरक पडत नाही, कारण इंडक्शनचा सगळा करंट शेवटी त्याच एका सॉकेटच्या पट्टीतून जातो.

आपल्या बोर्डांत फेज स्विचच्या कॉमनवरून पुढे लूप होते आणि न्यूट्रल व अर्थ सॉकेटच्या टर्मिनलवरून. बोर्ड उघडला की एकाच स्क्रूखाली तीन तारा कोंबलेल्या दिसतात, त्यातल्या दोन पकडलेल्या आणि तिसरी नुसती टेकलेली. पुढच्या सगळ्या पॉइंटचा करंट या टेकलेल्या तारेतून जात असतो.

दुरुस्ती अशी करा. सॉकेट बदलायचाच, घासून साफ केलेली पट्टी पुन्हा ताण धरत नाही. आयएस १२९३ या भारतीय मानकाची खूण असलेला १६ अँपियरचा घ्या. काळी पडलेली तार मागे कापत जा, तांबं चकचकीत आणि इन्सुलेशन मऊ लागेपर्यंत. तार अपुरी पडली तर ती ओढून ताणून बसवू नका, बोर्डातच कनेक्टरने तुकडा जोडा. टोक १० ते १२ एमएम सोला, तारा पिळून पिन लग (पिनेसारखी धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. टोकाला शिसं-कथिल लावून घट्ट करण्याची सवय असेल तर सोडा, दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि स्क्रू पुन्हा सैल होतो. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार एकेकटी ओढून बघा. आणि प्लगकडे बघा. त्याची पिन खड्डे पडलेली किंवा निळसर झालेली असेल तर तोही बदला, नाहीतर जुना प्लग नवा सॉकेट जाळेल. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची तार निघाली तर तांब्याशी पीळ मारून जोडू नका. अशी लाइन नव्याने ओढलेलीच बरी.

मग रिंग कशासाठी असते?

रेडियल म्हणजे डीबीतून निघून एका पॉइंटपासून पुढच्या पॉइंटपर्यंत जाऊन संपणारी लाइन. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं, फक्त त्याला कुणी रेडियल म्हणत नाही. रिंगमध्ये शेवटच्या पॉइंटवरून तीच लाइन पुन्हा डीबीत येते आणि फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तिन्हींची दोन्ही टोकं एकाच जागी जोडली जातात. प्रत्येक सॉकेटला दोन वाटांनी वीज मिळते.

ब्रिटनमध्ये ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. घरं भराभर उभारायची होती आणि तांब्याची टंचाई होती. अडीचच्या तारेवर ३०-३२ अँपियर आणि भरपूर सॉकेट बसवायचे तर हा हिशेब सोयीचा होता. पण मग किटलीच्या बारीक वायरमागे थेट ३० अँपियरचा फ्यूज येतो. म्हणून त्याच योजनेत चौकोनी पिनांचा नवा प्लग आला, १९४७ च्या बीएस १३६३ या ब्रिटिश मानकाचा. त्याच्या पोटात इंचभर लांबीचा फ्यूज असतो, दिव्याला ३ अँपियरचा, हीटरला १३ चा. रिंग आणि हा फ्यूज ही जोडी आहे, एकाशिवाय दुसरी अपुरी.

आता आपला १६ अँपियरचा गोल पिनांचा प्लग उघडा. तीन पितळी पिना, तीन स्क्रू, वायर दाबणारी एक पट्टी. फ्यूज नाही. एक्स्टेन्शन बोर्डाची ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर वाचवणारं भिंतीतल्या एमसीबीशिवाय दुसरं कुणी नाही. त्यावर हीटर, इस्त्री आणि किटली असे ४५०० वॅट लावले तर १९.६ अँपियर होतात. १६ चा एमसीबी उशिरा का होईना पडू शकतो. ३२ च्याला पत्ताही लागत नाही. शॉर्टचंही तसंच. सी कर्व्हचा एमसीबी आकड्याच्या ५ ते १० पटीला तत्काळ पडतो. १६ च्याला ८० ते १६० अँपियर पुरतात, ३२ च्याला १६० ते ३२० लागतात. बारीक, लांब वायरच्या टोकाला शॉर्ट झाला तर तेवढा करंट मिळेलच असं नाही.

‘लोड विभागतो’ हेही अर्धसत्य आहे. २४ मीटरच्या रिंगमध्ये डीबीपासून ४ मीटरवर ओटा असेल तर जवळच्या फाट्यातून सहापैकी पाच भाग करंट जातो, लांबच्यातून एक. ओट्यावर २६ अँपियर घेतले तर जवळच्या तारेत २१.७. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण अडीचच्या तारेच्या मर्यादेवरच उभे. किचन हे असं एकाच कोपऱ्यात लोड साचणारं ठिकाण आहे, तिथे तर रिंग ब्रिटनमध्येही विचार करूनच घालतात.

राहिला व्होल्टेज पडण्याचा मुद्दा. १२ मीटर लाइन, अडीचची तार, १६ अँपियर. जाऊन-येऊन २४ मीटरला मीटरमागे ८ मिलीओहम धरले तर तीन व्होल्ट पडतात. एवढ्यासाठी कुणी रिंग मारत नाही.

घरात नकळत रिंग झाली आहे का?

रिनोव्हेशन झालेल्या फ्लॅटमध्ये हे बघायलाच हवं. जुन्या लाइनला नवी लाइन जोडताना दोन्हीकडून डीबीत टोकं येतात आणि कुणीतरी ती ‘बॅलन्ससाठी’ जोडून टाकतं.

काम सुरू करण्याआधी मेन खाली, आणि इन्व्हर्टरही बंद. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते, हे विसरून हात घालणारे कमी नाहीत. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही शून्य बघा. मीटर आधी एखाद्या चालू पॉइंटवर तपासलेला असावा. डीबी उघडून काम करणं जमत नसेल तर पुढचं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते इथे आहे.

सगळे प्लग काढा, स्विच बंद करा. किचनच्या एमसीबीखाली दोन फेज तारा असतील तर दोन्ही सोडवा आणि त्यांच्यामध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग आहे का, ते बघा. वाजली तर वर्तुळ आहे. रोधाचा आकडाही घ्या. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. अडीचच्या २४ मीटरला ०.१९ ओहमच्या आसपास यायला हवं. अर्धा ओहम आला तर मधे कुठेतरी जॉइंट सैल आहे. हेच न्यूट्रलच्या दोन टोकांना करा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत.

सगळ्यात फसवी गोष्ट इथेच सापडते. फेज वाजते, न्यूट्रल वाजत नाही. म्हणजे फेजचं वर्तुळ पूर्ण, न्यूट्रल मात्र एकेरी. फेजचा करंट दोन तारांत विभागतो आणि परतताना सगळा एकाच काळ्या तारेतून येतो. ३२ चा एमसीबी फेजवर आहे, तो स्वस्थ. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट मोजतो, बेरीज जुळते, तोही स्वस्थ. आणि पाइपमध्ये न्यूट्रल भाजत असतं. पूर्ण रिंगचा एक फाटा तुटला तरी नेमकं असंच होतं. सगळे पॉइंट चालू राहतात, म्हणून कुणी तक्रारच करत नाही. रेडियलमध्ये तार तुटली की पुढचा पॉइंट बंद पडतो, हा तिचा मोठा गुण.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. वर्तुळाचं एक टोक एका एमसीबीत, दुसरं शेजारच्या एमसीबीत. एक खाली केला तरी पॉइंट चालूच. ‘किचन’ लिहिलेला एमसीबी पाडून सॉकेट उघडणाऱ्याला हा मरणाचा सापळा आहे. बंगल्यात थ्री फेज असेल आणि टोकं वेगवेगळ्या फेजवर गेली तर दुसरा एमसीबी वर करताच ४१५ व्होल्टचा फेज-टू-फेज शॉर्ट. ही खूण प्लग लावूनही सापडते. एकेक एमसीबी पाडत जा आणि ओट्यावर लावलेला दिवा कधी विझतो ते बघा. एकच एमसीबी पाडून जो विझत नाही, पण दोन पाडले की विझतो, तो पॉइंट दोन्हीकडून भरलेला आहे.

रिंग सापडली तर तोडा, नवी तार लागणार नाही

रिंगची दोन टोकं आधीच डीबीत आलेली असतात, ही यातली चांगली बाजू. वर्तुळ मधोमध उघडलं की दोन स्वतंत्र रेडियल तयार होतात. मधोमध म्हणजे मीटरात नव्हे, लोडमध्ये. इंडक्शन एका बाजूला आणि मायक्रोवेव्ह-किटली दुसऱ्या बाजूला राहतील असा तुकडा निवडा. त्या तुकड्याची फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डांतून काढा, टोकांवर कनेक्टर लावून बंद करा, जमलं तर तार ओढूनच घ्या. अर्थचं वर्तुळ तसंच राहू द्या, त्यात नुकसान नाही.

डीबीत ३२ चा एमसीबी काढून तिथे सी कर्व्हचे १६ चे दोन बसवा, प्रत्येकात एकच फेज. प्रत्येक फेजचं न्यूट्रल त्याच लाइनचं आहे ना, याची खात्री करून ती पट्टीवर शेजारी शेजारी जोडा. दोन्ही लाइन एकाच ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीखाली असतील तर न्यूट्रलही त्याच आरसीसीबीच्या पट्टीवर. यात चूक झाली की पहिलाच प्लग लावताना आरसीसीबी पडतो आणि दोष बिचाऱ्या मिक्सरवर जातो. शेवटी एक एमसीबी पाडून अर्धेच पॉइंट बंद होतात का ते बघा, मग दुसरा पाडून.

नवी लाइन ओढायची तर

सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) स्पेसिफिकेशनमध्ये निवासी इमारतीतल्या एका पॉवर सर्किटवर १६ अँपियरचे जास्तीत जास्त दोन पॉइंट चालतात. घरीही हाच नियम धरा आणि किचनला निदान तीन पॉवर लाइन द्या. इंडक्शन एकटं. मायक्रोवेव्ह आणि ओटीजी दुसऱ्यावर, दोन्ही एका वेळी क्वचित चालतात. किटली आणि डिशवॉशर तिसऱ्यावर. डिशवॉशर पाणी तापवत असताना किटली लावली तर बेरीज १५ च्या आसपास जाते, चालून जातं. फ्रिज, चिमणी, आरओ यांना दीडच्या तारेची, १० च्या एमसीबीची वेगळी लाइन, म्हणजे ओट्यावर काही बिघडलं तरी फ्रिज बंद पडत नाही.

डीबीपासून ओटा १२ मीटर असेल तर तीन पॉवर लाइनना लाल, काळी, हिरवी अशी प्रत्येकी ४० मीटर अडीचची तार लागते, बोर्ड आणि डीबीतल्या शेपट्या धरून. कॉइल ९० मीटरची येते. सुटी मिळत असेल तर मोजून घ्या, पण तीन रंगांऐवजी एकाच रंगात भागवू नका, पाच वर्षांनी उघडणाऱ्याला तीच भाषा कळते. वळणं असलेल्या २५ एमएम पाइपमधून अडीचच्या सहा तारा, म्हणजे दोन लाइन, इथे थांबा. तीन लाइन म्हणजे दोन पाइप. तीन मीटरच्या नळ्या धरल्या तर आठ नग आणि बेंड वेगळे.

झिरी मारायची तयारी नसेल आणि जुन्या पाइपात एकच लाइन मावत असेल तर अडीचच्या जागी चारची तार ओढून २० चा एमसीबी लावा. चारची तार ३० अंशाला ३२ अँपियर सोसते, त्यामुळे २० चा एमसीबी तिला निवांत सांभाळतो. २५ किंवा ३२ चा तरीही नको, कारण सॉकेट १६ चाच आहे. एवढ्यावर इंडक्शन आणि किटली एकत्र चालतील, मायक्रोवेव्हला थांबावं लागेल. जुनी तार ओढताना तिच्या टोकाला नवी बांधून ओढली तर वेगळी स्प्रिंग घालावी लागत नाही, पण आधी जुनी तार मोकळी हलते का ते बघा. मधे कुणी गाठ मारून टेप गुंडाळला असेल तर ती वळणावर अडकते आणि नवी-जुनी दोन्ही तुटतात.

लाइन वाढवल्या म्हणजे मीटर वाढला असं नाही. बिलावरचा मंजूर भार आणि मेनचा आकडा बघून घ्या, नाहीतर किचनऐवजी मेन पडायला लागेल.

ब्रिटनमधलं घर असेल तर

तिथली रिंग तोडायची गरज नाही. ती नीट आहे का एवढं बघायचं. तिथल्या अडीच-दीडच्या केबलमध्ये फेज-न्यूट्रल अडीचचे आणि अर्थ दीडची, म्हणजे बारीक असते, म्हणून अर्थच्या टोकापासून टोकापर्यंतचा रोध फेजच्या १.६७ पट यायला हवा. ६० मीटरच्या रिंगला फेज ०.४४, न्यूट्रल तेवढंच, अर्थ ०.७३ ओहम. मग एका टोकाची फेज दुसऱ्या टोकाच्या न्यूट्रलला, अशी उलटसुलट जोडून प्रत्येक सॉकेटवर मोजलं की सगळीकडे ०.२२ च्या जवळपास येतं. एखाद्या सॉकेटवर जास्त आलं तर तो रिंगमधून बाहेर काढलेल्या एकेरी तारेवर (स्परवर) आहे किंवा त्याचा स्क्रू ढिला आहे. नवीन किचन करताना मात्र तिथेही चारच्या केबलची ३२ अँपियरची रेडियल घालता येते, साधारण ७५ चौरस मीटरपर्यंत, आणि ती तपासायला सोपी जाते.

काम झाल्यावर

इंडक्शन पूर्ण शक्तीवर अर्धा तास चालवा, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून. मग स्विच बंद करून प्लग काढा आणि लगेच पिनांना बोटाने स्पर्श करा. कोमट असतील तर ठीक. बोट ठेववत नसेल तर बोर्ड पुन्हा उघडा, स्क्रू अजून सैल आहे. डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘किचन’ एवढंच न लिहिता ‘ओटा डावीकडे, इंडक्शन’, ‘ओटा उजवीकडे, मायक्रोवेव्ह’ असं लिहा आणि जिथे रिंग तोडली त्या दोन बोर्डांची नावंही तिथेच टाका.